सय्यादिया: कांद्याने रंगणारा इजिप्तच्या मच्छीमारांचा भात

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया, पोर्ट सईद, दमिएता, सुएझ या बंदरांच्या शहरांत मासळीच्या खानावळीत मासा मागवला, की त्याच्यासोबत तपकिरी रंगाचा भात येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा मसालेभात असावा किंवा बिर्याणीचाच एखादा प्रकार. पण घास घेतला की कळतं, यात हळद नाही, लाल तिखट नाही आणि गरम मसाल्याचा माराही नाही. रंग कांद्याचा आणि चवही बरीचशी कांद्याचीच. या भाताचं नाव सय्यादिया. इजिप्तचे लोक त्याला 'रुझ सय्यादिया' म्हणजे सय्यादिया भात असंही म्हणतात.

साहित्य मोजकं, कृती सोपी. तरीही हा भात ज्याला जमला त्याचं कौतुक होतं. कारण सगळा खेळ कांदा किती तळायचा यावर आहे. थोडा कमी पडला तर भात फिकट आणि गोडसर होतो, थोडा जास्त झाला तर कडू.

नावाचा अर्थ

अरबीत 'सैद' म्हणजे शिकार आणि 'सय्याद' म्हणजे शिकारी. हा शब्द आपल्यालाही नवा नाही. उर्दू शायरीत बुलबुलला पिंजऱ्यात अडकवणारा तो हाच सय्याद. समुद्राकाठी मात्र सय्याद म्हणजे मासे पकडणारा, मच्छीमार. सय्यादिया म्हणजे मच्छीमारांचं जेवण.

कुरआन शरीफच्या सूरह अल-माइदामध्ये ९६ व्या आयतीत समुद्रातली शिकार हलाल असल्याचं सांगितलं आहे. तिथे शिकारीसाठी 'सैद' हाच शब्द आला आहे. मच्छीमाराच्या धंद्याचं नाव, भाताचं नाव आणि आयतीतला शब्द, तिन्हींचं मूळ एकच.

नावातच या पदार्थाची रीतही कळते. मासे धरणाऱ्याच्या घराचं गणित कोकणात काय किंवा इजिप्तमध्ये काय, फारसं वेगळं नसतं. मोठा, चांगला मासा बाजारात जातो. घरी राहतात ती छोटी मासळी, डोकी आणि काटे. खाणारी तोंडं मात्र जास्त. अशा वेळी डोकी-काटे उकळून त्यांचं पाणी काढायचं, त्यात भात शिजवायचा आणि माशाची चव शितागणिक पोचवायची. ताटात माशाचा तुकडा लहान असला तरी जेवण माशाचंच होतं. थोडक्या माशात जास्त माणसं जेवू घालायची, हा सय्यादियामागचा खरा विचार आहे. आज तो मोठ्या हॉटेलात मिळतो, पाहुण्यांसाठी केला जातो, पण बांधणी अजून तीच आहे.

रंग येतो कुठून?

कांद्यात जवळपास नव्वद टक्के पाणी असतं. उभा चिरलेला कांदा तेलात टाकला की आधी हे पाणी उडतं. तोपर्यंत कांदा नुसता मऊ आणि पारदर्शक होतो. पाणी संपलं की तेलाची खरी उष्णता कांद्यातल्या साखरेला लागते. साखर करपू लागते, साखर आणि प्रथिनं यांची एकमेकांशी प्रक्रिया होते आणि त्यातून तपकिरी रंग व भाजका, गोड-कडवट स्वाद तयार होतो.

हा रंग पाण्यात विरघळतो, आणि सय्यादियाचं सगळं तंत्र याच गोष्टीवर उभं आहे. बिर्याणीसाठी आपण कांदा कुरकुरीत तळून बाजूला काढतो आणि थरांवर पेरतो. सय्यादियात उलट करतात. कांदा गडद झाला की त्याच पातेल्यात गरम पाणी किंवा माशाचं पाणी ओततात आणि उकळू देतात. बघता बघता पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. काही जण कांदा त्यातच विरघळू देतात, काही जण गाळून घेतात, तर काही जण वाटून पुन्हा पाण्यात घालतात. मग त्या पाण्यात तांदूळ शिजतो आणि रंग पिऊन घेतो.

काही घरांत थोडा टोमॅटोही घालतात, तेव्हा भात तांबूस दिसतो. पण बिनटोमॅटोचा, निव्वळ कांद्यावर रंगलेला भात ही या पदार्थाची मूळ ओळख आहे.

तांदूळ कोणता?

इजिप्तचा तांदूळ बासमतीसारखा लांब नसतो. तो आखूड, जाडसर आणि शिजल्यावर किंचित चिकट होणारा असतो. नाईल नदी भूमध्य समुद्राला मिळण्याआधी दोन फाट्यांत विभागते. एक फाटा रशीदजवळ समुद्राला मिळतो, दुसरा दमिएताजवळ. या दोन्हींच्या मधला सुपीक त्रिकोण म्हणजे नाईलचा डेल्टा. दकहलिया, कफ्र अल-शेख, शर्किया, बहेरा हे तिथले भाताचे मुख्य प्रांत. म्हणजे तांदूळ पिकतो तिथून समुद्र आणि खाडीसारखी तळी अगदी जवळ. भात आणि मासळी एका ताटात आली ती अशी, शेजारधर्माने.

आखूड तांदळात कांद्याचा रंग आणि माशाची चव चांगली मुरते. महाराष्ट्रात हा भात करायचा तर कोलम सगळ्यात सोयीचा. इंद्रायणीही चालतो, पण तो लवकर मऊ होतो, म्हणून पाणी हात राखून घालावं. बासमती घातला तर भात मोकळा होईल, दिसेलही छान, पण इजिप्तची चव येणार नाही.

मासा वेगळा शिजतो

सय्यादियाला 'माशाची बिर्याणी' म्हणणं बरोबर नाही. इजिप्तमध्ये मासा सहसा भातात शिजवत नाहीत. भात वेगळा, मासा वेगळा, भेट ताटात. मासा नाजूक असतो, भाताबरोबर शिजला तर तुटतो आणि काटे भातभर होतात. म्हणून डोकी-काट्यांचं पाणी भाताला आणि अख्खा मासा तव्याला किंवा निखाऱ्यांना, अशी वाटणी.

तिथे सगळ्यात जास्त खाल्ले जाणारे मासे म्हणजे 'बोल्ती' आणि 'बूरी'. बोल्ती म्हणजे आपल्याकडची चिलापी, आणि तिचं मूळ घरच नाईल आहे. बूरी म्हणजे आपला बोय. खिसा बरा असेल तर 'देनीस' किंवा 'अरूस' हे समुद्री मासे घेतात.

माशाला लावायचं वाटण म्हणजे लसूण, जिरं, धणे, लिंबू आणि मीठ. तळायचा असेल तर मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात घोळवतात. भाजायची पद्धत मात्र ऐकण्यासारखी आहे. अख्खा मासा गव्हाच्या कोंड्यात लोळवतात आणि तापलेल्या जाळीवर ठेवतात. बाहेरचा कोंडा जळून काळा होतो, पण त्यामुळे साल चिकटत नाही आणि आतलं मांस रसाळ राहतं. काढल्यावर तो लिंबू, लसूण आणि जिऱ्याच्या पाण्यातून फिरवतात. कोंड्याला तिथे 'रद्दा' म्हणतात. चक्कीवरचा फुकटात मिळणारा कोंडा असा कामी येतो.

घरी करायचा तर

चार माणसांच्या अंदाजाने साहित्य असं: कोलम तांदूळ २ वाट्या, मोठे कांदे ३, तेल पाव वाटी, जिरेपूड १ छोटा चमचा, मिरपूड अर्धा चमचा, चवीला मीठ. मासा आपल्या बाजारात जो ताजा असेल तो. बोय, जिताडा, रावस, सुरमई, चिलापी, काहीही चालेल. डोकं आणि काटे कोळिणीकडून मागून घ्या, टाकू देऊ नका. वाटणासाठी ६-७ लसूण पाकळ्या, जिरेपूड आणि धणेपूड १-१ चमचा, २ लिंबं.

१. मासा धुऊन त्याला लसूण, जिरं, धणे, लिंबू, मीठ चोळा आणि अर्धा तास ठेवा.

२. डोकं आणि काटे ४ वाट्या पाण्यात मंद आचेवर २० मिनिटं उकळा. यापेक्षा जास्त उकळू नका, पाणी कडवट होतं. मग गाळून घ्या.

३. तांदूळ धुऊन २० मिनिटं भिजवा आणि निथळत ठेवा.

४. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून उभा चिरलेला कांदा टाका. मध्यम आचेवर सतत हलवत राहा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सोनेरी झाला म्हणून थांबू नका. तो तांबूस होईल, मग गडद तपकिरी. काळा पडायच्या आधी थांबायचं. या शेवटच्या दोन मिनिटांत पातेल्यापासून हलायचं नाही, फोन वाजला तरी.

५. थोडा कांदा वर घालायला बाजूला काढा. उरलेल्यात माशाचं गरम पाणी ओता. वाफ जोरात येते, हात सांभाळा. जिरं, मिरं, मीठ घालून १० मिनिटं उकळा. पाणी तपकिरी झालं पाहिजे.

६. पाणी मोजून साडेतीन वाट्या करा. कमी पडलं तर साधं गरम पाणी घाला. तांदूळ घालून एक उकळी येऊ द्या, मग झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १५ मिनिटं शिजवा. आच बंद केल्यावर १० मिनिटं झाकण उघडू नका.

७. तोवर मासा पिठात घोळवून तळा किंवा तव्यावर भाजा. भात थाळीत पसरा, वर मासा आणि बाजूला काढलेला कांदा.

कांदा जळलाच तर तो टाकून नवा घ्या. साखर घालून कडवटपणा झाकता येत नाही.

सोबतीला इजिप्तमध्ये 'ताहिना' हवीच. तीळ वाटून केलेल्या पेस्टमध्ये लिंबू, लसूण, जिरं आणि पाणी घालून ती करतात. टोमॅटो-काकडी-कांद्याची बारीक चिरलेली कोशिंबीर, 'तुर्शी' म्हणजे खारवलेल्या भाज्या आणि 'गर्गीर' नावाची थोडी तिखट पालेभाजी कच्चीच, एवढं झालं की ताट पूर्ण.

सण, उपवास आणि मासळी

रमजानमध्ये इजिप्तच्या घरांत मासळी कमी होते. माशाने तहान लागते, असं लोक म्हणतात. महिनाभराची ती सुट्टी ईद-उल-फित्रला भरून काढतात. 'फसीख' म्हणजे खारवून मुरवलेला बोय आणि 'रिंगा' म्हणजे धुरावलेला हेरिंग मासा, हे बऱ्याच घरांत ईदला खाल्लं जातं. तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या उपवासांतही मांस वर्ज्य असतं, पण नाताळाआधीच्या उपवासात मासा चालतो. त्यामुळे मासळी-भात हे दोन्ही समाजांचं सामाईक ताट आहे.

हलालच्या दृष्टीने मासळीचा विषय सोपा आहे. माशाला जबिहाची अट नाही, हे चारही मजहब मानतात. फरक पडतो तो बाकीच्या जलचरांबाबत. हनफी मजहबात समुद्रातला फक्त मासा हलाल मानतात, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी उलेमांमध्येच मतभेद आहेत. शाफई मजहबात कोळंबी, माकुल यांनाही साधारणपणे परवानगी आहे.

इथे कोकणाचा आणि इजिप्तचा एक जुना धागा जुळतो. कोकणी मुसलमान शाफई आहेत. इमाम शाफई यांचा जन्म हिजरी १५० म्हणजे इसवी सन ७६७ मध्ये गाझा इथला मानला जातो. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी इजिप्तमध्ये काढली आणि हिजरी २०४ म्हणजे इसवी सन ८२० मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. कैरोतल्या त्यांच्या मजारीवरचा घुमट १२११ सालचा आहे, आणि त्या घुमटाच्या टोकावर चंद्रकोरीऐवजी धातूची एक छोटी होडी बसवलेली आहे.

शेजारच्या देशांतला सय्यादिया

सय्यादिया एकट्या इजिप्तचा नाही. लेबनॉन आणि सीरियाच्या किनाऱ्यावर तो लांब तांदळाचा करतात, वर कुरकुरीत कांदा आणि तळलेले चिलगोजे पेरतात. सौदीत जेद्दा आणि लाल समुद्राच्या पट्ट्यात तो आणखी मसालेदार असतो, सोबत चिंचेची आंबट चटणी आणि टोमॅटोची तिखट चटणी देतात. हज किंवा उमराहला गेलेल्या, नोकरीसाठी जेद्दात राहिलेल्या आपल्याकडच्या अनेकांनी सय्यादिया खाल्ला असेल तो हा. इजिप्तचा त्यापेक्षा साधा आणि सौम्य.

गाझातही सय्यादिया घरोघरी होतो. तिथे मात्र सय्याद आणि समुद्र यांच्यात बंदी उभी आहे. १९९० च्या दशकातल्या ओस्लो करारांत गाझाच्या मच्छीमारांना २० सागरी मैलांपर्यंत जाता येईल असं ठरलं होतं. प्रत्यक्षात इस्रायलने ही हद्द वेळोवेळी कितीतरी कमी केली, कधी पूर्ण बंद केली. समोर समुद्र असून ताटात मासा नाही, अशी वेळ तिथल्या मच्छीमारांवर आली.

तीन जिन्नस, तिन्ही अडचणीत

तांदूळ, कांदा आणि मासा. गरिबाचं जेवण म्हणून सुरू झालेल्या या ताटातले तिन्ही मुख्य जिन्नस गेल्या काही वर्षांत इजिप्तमध्ये चिंतेचा विषय झाले आहेत.

आधी तांदूळ. भाताला पाणी खूप लागतं आणि इजिप्तचं जवळपास सगळं पाणी एकट्या नाईलमधून येतं. म्हणून सरकार दरवर्षी भाताचं क्षेत्र ठरवून देतं. २०१८ मध्ये ते आधीच्या वर्षीच्या ११ लाख फेद्दानांवरून सुमारे ७ लाख २४ हजार फेद्दानांवर आणलं. एक फेद्दान म्हणजे एक एकरापेक्षा किंचित जास्त. नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेर भात लावला तर दंड होतो. दुसरी बाजू अशी, की डेल्टाच्या उत्तरेला समुद्राचं खारं पाणी जमिनीत शिरतं. शेतात उभं राहिलेलं भाताचं पाणी त्या खारटपणाला खाली दाबून ठेवतं. भात लावला तर पाणी संपतं, नाही लावला तर जमीन खारावते, असा तो पेच आहे.

मग कांदा. इजिप्त कांदा निर्यात करणारा देश. २०१९ मध्ये आपल्याकडे कांदा महागला तेव्हा केंद्र सरकारने इजिप्तमधून कांदा मागवला होता. नाशिकच्या कांद्याची सवय असलेल्या मुंबईच्या बाजारात तो मोठा, जाड पाकळ्यांचा कांदा तेव्हा अनेकांनी पाहिला. २०२३ मध्ये मात्र इजिप्तमध्येच भाव इतके चढले, की १ ऑक्टोबरपासून तिथल्या सरकारला कांद्याची निर्यात थांबवावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतानेही निर्यातबंदी केली. लासलगावच्या शेतकऱ्याला आणि डेल्टातल्या शेतकऱ्याला एकाच मोसमात सारखाच अनुभव आला.

आणि शेवटी मासा. आस्वानचं मोठं धरण १९६० ते १९७० या काळात बांधलं गेलं. त्याआधी दर पावसाळ्याअखेरीस नाईलचा पूर गाळ घेऊन समुद्रात जायचा आणि त्या गाळावर तारलीचे थवे पोसायचे. १९६२ मध्ये इजिप्तच्या किनाऱ्यावर सुमारे १८ हजार टन तारली मिळाली होती. पूर अडल्यावर त्या दशकाच्या शेवटी ती हजार टनांच्याही खाली गेली. पुढे १९८० नंतर मासळी बरीचशी परतली, पण आज इजिप्तच्या ताटातला बहुतेक मासा समुद्रातला नसून तळ्यातला आहे. मत्स्यशेतीत इजिप्त आफ्रिकेत पहिला आहे आणि देशातली जवळपास तीन-चतुर्थांश मासळी शेततळ्यांतून येते. त्यात बोल्ती सगळ्यात जास्त.

तळ्यातल्या माशाने बरीच वर्षं भाव आवाक्यात ठेवले. पण माशांचं खाद्य बरंचसं आयात होतं, आणि चलन घसरलं की तेही महागतं. एप्रिल २०२४ मध्ये पोर्ट सईदच्या लोकांनी मासळीवर बहिष्कार टाकला. 'सडू दे' अशा अर्थाच्या नावाने ती मोहीम चालली आणि पाहता पाहता इतर शहरांतही पसरली. बाजारात मासे पडून राहिले, काही ठिकाणी भाव उतरलेही. ज्या शहरात मासळी-भात हे रोजचं जेवण, तिथल्याच लोकांनी मासळी नाकारावी, यावरून महागाईचा अंदाज येतो.

अशा दिवसांत सय्यादिया पुन्हा मूळ रूपाकडे जातो. अख्खा मासा परवडला नाही तर डोकी आणि काटे आणायचे, त्यांचं पाणी काढायचं आणि कांदा नीट तळायचा. भातात माशाचा वास असतो, रंग असतो, सोबत लिंबू आणि ताहिना असते. मच्छीमारांच्या घरांत हे पहिल्यापासून असंच चालत आलं आहे.